विश्लेषण : लीलावतीचे घटिकापात्र का अडले? भास्कराचार्य आणि एकदाच येणारा निरोप

मोबाइलवरून पैसे पाठवले, खात्यातून रक्कम वजा झाली आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले, हा अनुभव बहुतेकांनी घेतला आहे. व्यवहार झाला की फसला, याचे उत्तर एकदाच यायचे असते आणि नेमके तेच येत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. याच अडचणीशी जुळणारी एक कथा चाळीसगावजवळच्या पाटणशी नाते असलेल्या एका गणितज्ञाच्या नावावर शेकडो वर्षे सांगितली जाते. भास्कराचार्यांचे चरित्र, लीलावतीचे घटिकापात्र आणि आजच्या प्रोग्रामिंगमधील वनशॉट चॅनेल यांचा संबंध काय, ते समजून घेऊ.

भास्कराचार्य कोण होते?

भास्कराचार्यांनी स्वतःच्या जन्माचा शक आपल्या ग्रंथातच नोंदवला आहे. शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हे ज्योतिषी होते आणि तेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड हे आपले गाव, असे ते सांगतात. हे गाव आज कोणते, यावर अभ्यासकांत दोन प्रमुख मते आहेत. काही जण ते चाळीसगावच्या बाजूला पाटण परिसरात शोधतात, तर काही जण विजापूरकडे.

वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावतीमध्ये अंकगणित आणि भूमिती, बीजगणितात समीकरणे, ग्रहगणितात ग्रहांच्या गती आणि गोलाध्यायात खगोलाची उपपत्ती व वेधाची यंत्रे. नुसती सूत्रे सांगून ते थांबले नाहीत. त्यामागची कारणे उलगडणारे वासनाभाष्यही त्यांनी स्वतःच लिहिले. पुढे ११८३ मध्ये, ६९व्या वर्षी, ग्रहांची आकडेमोड सोपी करणारा करणकुतूहल हा ग्रंथ त्यांनी रचला.

त्यांच्या गणिताची झेप एका उदाहरणातून कळते. एका पूर्णांकाच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला, तर उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यावे. असा सर्वांत लहान पूर्णांक कोणता? भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने २२,६१,५३,९८० हे उत्तर काढले आणि त्यातून येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा आहे, हे दाखवले. हाच प्रश्न फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला होता.

घटिकापात्र म्हणजे काय?

दिवस आणि रात्र मिळून ६० घटिका, एक घटिका म्हणजे २४ मिनिटे आणि एका घटिकेची ६० पळे, हे आपले जुने कालमापन. ते मोजण्यासाठी तांब्याची वाटी वापरत. वाटीच्या तळाला भोक असे. रिकामी वाटी पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत ठेवायची. भोकातून पाणी आत शिरत राहते आणि ठरावीक वेळाने वाटी बुडते. ती बुडाली की घटिका भरली. घडी आणि घड्याळ हे शब्द याच घटिकेच्या कुळातले.

लग्नघरी या वाटीला फार मान होता. मुहूर्ताची घटिका भरेपर्यंत अंतरपाट धरलेला, वधू-वर दोन बाजूंना, हातात अक्षता घेतलेले पाहुणे. सारे जण एकाच निरोपाची वाट पाहत असत. तो निरोप एकदाच येणार आणि तो आला की वाटीचे त्या मुहूर्तापुरते काम संपले.

लीलावतीची कथा काय सांगते?

कथेची अनेक रूपे आहेत. त्यांतले सर्वांत परिचित रूप असे. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या पत्रिकेत विवाहसुखाचा योग नव्हता. वडिलांनी बरीच गणिते करून एक अचूक मुहूर्त काढला, घटिकापात्र पाण्यावर सोडले आणि सगळे थांबले. नवरीच्या वेशातली लीलावती कुतूहलाने भांड्यावर वाकून वाटी पाहू लागली. तेवढ्यात तिच्या पोशाखावरचा एक मोती निसटून वाटीत पडला आणि भोकावर जाऊन बसला. पाणी शिरणे थांबले. वाटी तरंगतच राहिली. बराच वेळ झाला तेव्हा कोणीतरी जवळ जाऊन पाहिले, पण तोवर मुहूर्त टळला होता. मुलीचे दुःख हलके करण्यासाठी वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला आणि तिचे नाव अमर केले.

प्रोग्रामिंगमध्ये ही रचना कुठे येते?

आजचा प्रोग्राम एका वेळी अनेक कामे हाताळतो. त्यांना टास्क म्हणतात. गिरणीत दळणाचा डबा ठेवून आपण बाजार उरकतो, तिथे ताटकळत बसत नाही. त्याच धर्तीवर एक टास्क दुसऱ्याला काम सोपवतो आणि उत्तर येईपर्यंत प्रोसेसर इतर कामांसाठी मोकळा राहतो. याला असिंक्रोनस पद्धत म्हणतात. पण दळण झाले, हे डबा ठेवणाऱ्याला कळायला तर हवे. त्यासाठी दोन टास्कमध्ये निरोपाची वाट बांधावी लागते. तिला चॅनेल म्हणतात.

काही चॅनेलमधून निरोपांची रांग वाहत राहते. वनशॉट चॅनेल मात्र एकाच निरोपासाठी असते. त्याला दोन टोके असतात. एक पाठवणाऱ्याचे, म्हणजे सेंडर, आणि दुसरे घेणाऱ्याचे, म्हणजे रिसीव्हर. पूर्वी पोस्टात जोडकार्ड मिळायचे. एका कार्डावर आपला मजकूर लिहायचा आणि सोबतचे कोरे कार्ड उत्तरासाठी जोडून द्यायचे. वनशॉट बहुतेक वेळा असेच वापरतात. विनंतीबरोबरच सेंडर पाठवून द्यायचा आणि रिसीव्हर आपल्याजवळ ठेवून उत्तराची वाट पाहायची.

रस्ट या भाषेत असिंक्रोनस कामांसाठी टोकियो नावाची लायब्ररी मोठ्या प्रमाणात वापरली जाते. तिच्यात वनशॉट चॅनेल तयारच मिळते. निरोप पाठवताच सेंडर खर्ची पडतो. त्याच सेंडरवरून दुसऱ्यांदा पाठवण्याचा कोड लिहिला, तर कंपायलर तो प्रोग्राम तयारच होऊ देत नाही. जावास्क्रिप्टमधले प्रॉमिस हे याच जातकुळीतले. तिथे उत्तर एकदा ठरले की पुढचे उत्तर निमूटपणे दुर्लक्षिले जाते. ही कल्पना नवी नाही. प्रॉमिस हा शब्द १९७६ मध्ये, तर फ्यूचर हा त्याचा भाऊबंद १९७७ मध्ये संगणकशास्त्राच्या शोधनिबंधांतून पुढे आला.

आता लग्नमंडप पुन्हा आठवा. वाटी हा सेंडर, मंडपातली मंडळी रिसीव्हर आणि मुहूर्त आला हा एकमेव निरोप.

वाट पाहणाऱ्याच्या वाट्याला काय येऊ शकते?

तीन गोष्टी. पहिली, निरोप येतो. वाटी बुडते, अक्षता पडतात.

दुसरी, निरोप न देताच सेंडर नाहीसा होतो. समजा वाटी फुटली किंवा भांडे कलंडून पाणी सांडले. हे सर्वांना दिसते, म्हणून दुसरी सोय करता येते. टोकियोच्या वनशॉटमध्ये सेंडर न वापरता टाकून दिला गेला, तर रिसीव्हरला त्रुटी मिळते. आता निरोप येणार नाही, हे त्याला त्यावरून निश्चित कळते. बातमी वाईट असली तरी ती कळते, हे महत्त्वाचे.

तिसरी गोष्ट सर्वांत त्रासदायक. सेंडर जागेवर आहे, शाबूत आहे, पण बोलत नाही. मोती अडकलेली वाटी अशीच होती. ती फुटली नव्हती, उलटली नव्हती. दुरून पाहणाऱ्याला ती अगदी व्यवस्थित तरंगताना दिसत होती. अजून वेळ आहे आणि आता वेळ कधीच येणार नाही, या दोन स्थिती मंडपातून सारख्याच दिसत होत्या.

प्रोग्राममध्ये हे कसे घडते? उत्तर द्यायचे आहे म्हणून सेंडर एखाद्या यादीत जपून ठेवला जातो आणि ती नोंद काढायची राहून जाते. किंवा ज्या टास्कने उत्तर द्यायचे, तो स्वतःच तिसऱ्या कशाची तरी वाट पाहत अडकतो. सेंडर नष्ट झालेला नसल्याने त्रुटी येत नाही आणि निरोपही येत नाही. प्रोग्राम बंद पडत नाही, लाल अक्षरांत इशारा उमटत नाही. एक टास्क फक्त वाट पाहत राहतो. असे हजारो टास्क साठले की मेमरी भरत जाते आणि एके दिवशी सगळी यंत्रणाच मंदावते. कारण शोधायला बसलेल्याला तुटलेले असे काहीच सापडत नाही.

मग चूक मोत्याची होती का?

कथा सांगताना दोष बहुधा लीलावतीच्या कुतूहलाला किंवा तिच्या नशिबाला दिला जातो. प्रोग्रामरच्या नजरेने पाहिले, तर दोष मांडणीत सापडतो. भोक असलेल्या वाटीत काहीतरी अडकणे, ही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. मोती नसता तर काडी असती, अक्षतेचा दाणा असता. एवढा मोठा प्रसंग एका वाटीवर सोपवला आणि ती बुडालीच नाही तर काय करायचे, हे कोणी ठरवले नव्हते.

यावर उपाय काय?

पहिला उपाय म्हणजे वाट पाहण्याला मर्यादा घालणे. याला टाइमआउट म्हणतात. निरोपाची वाट पाहतानाच शेजारी एक गजर लावायचा. दोन्हींपैकी जे आधी होईल, त्याप्रमाणे पुढे जायचे. घटिकेची वाटी २४ मिनिटांत बुडायला हवी. २५ मिनिटे झाली तरी ती तरंगत असेल, तर उठून पाहायला हवे.

पण मर्यादा किती ठेवायची, हे मनाने ठरवून चालत नाही. फार कमी ठेवली, तर चालू असलेले काम फसले असे वाटेल. फार जास्त ठेवली, तर मुहूर्त टळून जाईल. त्यासाठी आपली वाटी प्रत्यक्षात किती वेळ घेते, हे मोजलेले असावे लागते.

दुसरा उपाय म्हणजे उशिरा येणाऱ्या निरोपाचा विचार आधीच करून ठेवणे. टाइमआउट झाला याचा अर्थ काम झालेच नाही, असा होत नाही. फक्त उत्तर वेळेत पोहोचले नाही, एवढेच सिद्ध होते. पैसे पाठवताना उत्तर आले नाही म्हणून ॲपने व्यवहार फसला असे सांगून टाकले, तर माणूस दुसऱ्यांदा पैसे पाठवील आणि रक्कम दोनदा जाईल. म्हणून अशा वेळी व्यवहार प्रलंबित आहे, असे सांगणे योग्य ठरते. पुढे खरी स्थिती दुसऱ्या मार्गाने तपासली जाते.

तिसरी काळजी सेंडरच्या बाजूची. वाट पाहणारा निघून गेला असेल, तर सेंडरलाही ते कळायला हवे. टोकियोमध्ये रिसीव्हर आधीच गेला असेल, तर पाठवू पाहिलेला निरोप सेंडरकडे परत येतो. काम करणाऱ्याने मग ठरवायचे, केलेले काम तसेच ठेवायचे की मागे घ्यायचे. रिसीव्हर गेल्याची चाहूल आधीच लागली, तर उरलेले कामही थांबवता येते. मंडप रिकामा झाल्यावर वाटीवर लक्ष ठेवून बसण्यात अर्थ नाही.

खुद्द भास्कराचार्यांचे या वाटीबद्दल काय म्हणणे होते?

इथे कथा आणि चरित्र यांच्यातली तफावत दिसते. गोलाध्यायात यंत्रांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात घटीयंत्रही आहे. वाटी अमुक वजनाची, भोक अमुक मापाचे, अशी मोजमापे जुने ग्रंथ देत असत. भास्कराचार्यांना ती पद्धत पटली नाही. तशी वाटी घडवणे अवघड आणि त्या मापांना सबळ कारणही नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

त्यांनी सांगितलेली रीत साधी आहे. अर्ध्या घड्याच्या आकाराची तांब्याची वाटी घ्या, तळाला भोक ठेवा आणि दिवस-रात्र मिळून ती किती वेळा बुडते, ते मोजा. पूर्ण अहोरात्राला त्या संख्येने भागले की त्या वाटीचे माप मिळते. आजच्या हिशेबात, एखादी वाटी २४ तासांत ७२ वेळा बुडाली, तर तिचे एक बुडणे २० मिनिटांचे. शास्त्रात काय लिहिले आहे, यापेक्षा हातातले यंत्र प्रत्यक्षात कसे वागते, यावर त्यांचा भर होता. टाइमआउट ठरवणाऱ्या इंजिनीअरलाही हेच करावे लागते.

शिवाय ते एकाच यंत्रावर विसंबणारे नव्हते. त्याच प्रकरणात सावलीवरून वेळ सांगणारा शंकू आहे, यष्टी आहे, चक्र, चाप आणि तुर्य ही वेधाची साधने आहेत, त्यांनी स्वतः योजलेले फलकयंत्र आहे. सर्व यंत्रांत बुद्धी हेच श्रेष्ठ यंत्र, असा निर्वाळाही ते तिथे देतात. पाणी, सावली आणि आकाश अशा वेगवेगळ्या साक्षी काढणारा हा माणूस एका वाटीच्या भरवशावर मुलीचा मुहूर्त सोडून देईल, हे पटणे कठीण आहे.

कथा मग कुठून आली?

अकबराच्या आज्ञेवरून फैजी या कवीने १५८७ मध्ये लीलावतीचा फारसी अनुवाद केला. त्याच्या प्रस्तावनेत ही कथा येते. मूळ ग्रंथ आणि हा अनुवाद यांत ४३७ वर्षांचे अंतर आहे. मूळ ग्रंथातली उदाहरणे कधी मुलीला उद्देशून आहेत, कधी मित्राला, कधी व्यापाऱ्याला, तर कधी गणकाला. ती मुलगी लेखकाची कन्याच होती, असे ग्रंथ सांगत नाही. म्हणून अभ्यासक या कथेकडे आख्यायिका म्हणून पाहतात. लोकांनी मात्र ती जपली, कारण एका क्षणाची वाट पाहणे आणि तो हातातून निसटणे प्रत्येक घराला ठाऊक असते.

चाळीसगावशी नाते कशावरून?

त्याचे उत्तर दगडावर कोरलेले आहे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, गौताळा औट्रम घाट अभयारण्याच्या कुशीत पाटणादेवीचे मंदिर आहे. पाटणचा शिलालेख इ.स. १२०७ चा. त्या वेळी या भागावर यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याची सत्ता होती.

लेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ दिली आहे. त्रिविक्रमापासून सुरू होणारी ही साखळी महेश्वर, भास्कर, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यांच्यापर्यंत येते. यादव राजा जैत्रपालाने लक्ष्मीधराला याच नगरातून बोलावून नेले आणि विद्वानांचे प्रमुखपद दिले. चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचे सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातील इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ उभारला. निकुंभ राजा सोइदेव याने चंद्रग्रहणाच्या वेळी त्या मठाला दान दिले.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण दानाचा व्यवहारी तपशील त्या काळच्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल, त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला, असे तो सांगतो. संस्कृत न जाणणाऱ्या बाजारातल्या माणसाशी या ओळींचा थेट संबंध होता. ज्याला जो निरोप कळायला हवा, तो त्याच्या भाषेत दिला गेला.

हा निरोप कोणाला मिळाला?

निकुंभांची सत्ता गेली, यादवांचे राज्य बुडाले, मठही उरला नाही. दगड राहिला. १८६५ मध्ये मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी या लेखाची माहिती अभ्यासकांपुढे आणली. १२०७ ते १८६५ म्हणजे ६५८ वर्षे. वनशॉट चॅनेलचा आणखी एक गुण इथे नीट कळतो. सेंडर निरोप ठेवून निघून गेला, तरी निरोप हरवत नाही. रिसीव्हर केव्हा वळून पाहतो, तोवर तो चॅनेलमध्ये थांबून राहतो. चांगदेवाने जे एकदा कोरून ठेवले, ते तसेच मिळाले. फरक एवढाच, की वनशॉटमधला निरोप एकदा उचलला की चॅनेल रिकामे होते. दगडावरचा लेख पुन्हा पुन्हा वाचता येतो.

यातून घ्यायचे काय?

भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेले दोन निरोप आज आपल्यापुढे आहेत. एक न आलेला, लीलावतीच्या वाटीचा. दुसरा साडेसहा शतकांनी पोहोचलेला, पाटणच्या शिळेचा. पहिला घराघरांत माहीत आहे, दुसरा पाटणादेवीला नेमाने जाणाऱ्या अनेकांनाही माहीत नसतो. भास्कराचार्य पाटणशी का जोडले जातात, याचा पुरावा मात्र दुसऱ्यातच आहे.

प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी वाटीची कथा तेवढीच उपयोगाची आहे. कुठल्याही ओळीवर आपला टास्क एकाच उत्तराची वाट पाहत असेल, तर तीन प्रश्नांची उत्तरे कोडमध्ये लिहिलेली असावीत. उत्तर देणारा नाहीसा झाला तर? तो आहे, पण गप्प राहिला तर? आणि आपण निघून गेल्यावर उत्तर आले तर? पहिल्या प्रश्नाची काळजी चांगली लायब्ररी बऱ्याच अंशी घेते. उरलेले दोन लिहिणाऱ्याच्या वाट्याला येतात. आणि पुढच्या वेळी पैसे पाठवताना चक्र फिरत राहिले, तर आपणही एवढेच करायचे. पुन्हा रक्कम पाठवण्याआधी खात्याचा तपशील उघडून पाहायचा. मंडपातल्या कोणी वेळेवर उठून वाटीत डोकावले असते, तर मोती काढता आला असता.